टेलिस्कोप घेतला पण काहीच दिसत नाही, विकून मोठा घेऊ का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: एका ताईंचं पत्र आलंय. वय बेचाळीस, लहानपणापासून आकाशाचं वेड, पण शिक्षण, नोकरी, घर यात ते राहूनच गेलं. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी स्वतःच्या पैशांनी पहिला टेलिस्कोप घेतला, ११४ मिमीचा आरशाचा, फोकल लेन्थ (आरशापासून प्रकाश एकत्र येतो तिथपर्यंतचं अंतर) ९०० मिमी, बॉक्सवर मोठ्या अक्षरात ६७५ एक्स, म्हणजे ६७५ पट. सोबत २५, १० आणि ४ मिमीचे आयपीस (डोळा लावायची भिंगं) आणि एक तीन पटीचा बार्लो (आयपीसची पट तिप्पट करणारं जोडभिंग). पहिल्या रात्री चंद्र बघून घरातले सगळे खूश, त्यानंतर मात्र नुसती निराशा. शनी म्हणजे एक ठिपका आणि त्याला आडवी रेघ. देवयानी दीर्घिका म्हणजे पुसट डाग, तोही आहे की भास अशी शंका. एक तेजस्वी तारा मोठ्ठा गोल दिसला, मधोमध काळं भोक, तो कुठला ग्रह ते कळलं नाही. स्टँड हलतो, फोकस करेपर्यंत ग्रह निघून जातो. गच्चीवर सारखं कुठे जायचं म्हणून बहुतेक वेळा बेडरूमच्या खिडकीतूनच बघतात, आणि शहरात उजेडही भरपूर. नवरा म्हणतो, खेळणं घेतलंस. नऊ वर्षांची मुलगी आता बोलावलं तरी येत नाही. त्यांचा प्रश्न असा, की हा विकून आठ इंची किंवा कॉम्प्युटरवाला घ्यावा, का हे आपल्यासाठी नाहीच असं समजून सोडून द्यावं? आणि मुलीला काय सांगू?

ताई, तुमच्या पत्रात शनीपेक्षा आणि देवयानीपेक्षा मला महत्त्वाची वाटली ती काळ्या भोकाच्या गोलाची ओळ, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. तो ग्रह नव्हता. तो फोकस न झालेला साधा तारा होता, आणि मधलं भोक म्हणजे तुमच्याच टेलिस्कोपच्या आतल्या छोट्या आरशाची सावली. दिवसा घरात नळीच्या तोंडातून आत बघा, मधोमध एक लहानसा तिरका आरसा टांगलेला दिसेल, तळाच्या मोठ्या आरशावरून आलेला प्रकाश तोच बाजूला आयपीसकडे वळवतो. फोकस नसला की ताऱ्याचा प्रकाश पसरून त्याची चकती होते आणि त्या चकतीत या छोट्या आरशाची सावली काळी उमटते. आता फोकसचा नॉब अगदी हळू फिरवा, चकती लहान लहान होत जाते, भोक बुजतं, आणि एका क्षणी टाचणीच्या टोकाएवढा लखलखीत बिंदू उरतो. आणखी फिरवलं की तो परत फुगायला लागतो, म्हणजे आपण पुढे गेलो, जरासं मागे यायचं. आपण घरी वापरतो त्या कुठल्याही टेलिस्कोपमधून तारा बिंदूच दिसतो, म्हणून तारा मोठा दिसला की फोकस गेला असं समजायचं. माझ्या सगळ्यात जुन्या वहीत असाच एक गोल काढलेला आहे, मधे भोक, खाली तारीख आणि वेळ, आणि पुढच्या पानावर तोच तारा बिंदू म्हणून. ती दोन पानं शेजारी शेजारी आहेत आणि मला ती फार जवळची आहेत, कारण त्या रात्री टेलिस्कोप काय करतो ते मला पहिल्यांदा कळलं.

आणि तुम्ही लिहिलंय ‘मधोमध’ काळं भोक. हा शब्द वाचून मला बरं वाटलं. भोक एका बाजूला सरकलेलं असतं तर दोन्ही आरसे एका रेषेत नाहीत असा अर्थ झाला असता आणि मग स्क्रू फिरवून ते जुळवावे लागले असते, त्याला कॉलिमेशन म्हणतात. मधोमध आहे म्हणजे तुमच्या टेलिस्कोपचे आरसे ठीकठाक जुळलेले आहेत. न समजता तुम्ही त्याची टेस्टच घेतलीत आणि तो पास झाला. तेव्हा ‘टेलिस्कोप खराब लागला’ हे आधी मनातून काढून टाका.

आता ते ६७५ एक्स. याचा हिशोब सोपा आहे, टेलिस्कोपच्या फोकल लेन्थला आयपीसच्या आकड्याने भागायचं. ९०० भागिले २५ म्हणजे ३६ पट. १० चा लावला की ९० पट. ४ चा लावला की २२५, आणि त्यात तीन पटीचा बार्लो घातला की झाले ६७५. गणित बरोबर आहे पण प्रकाशाला गणित चालत नाही. टेलिस्कोप जेवढ्या मिलीमीटरचा त्याच्या साधारण दुप्पट पटीपर्यंतच चित्र टिकतं, म्हणजे तुमच्या बाबतीत २२८ आणि तेसुद्धा हवा अगदी स्थिर असेल अशा एखाद्याच रात्री, एरवी दीडशेच्या पुढे फारसं काही हाती लागत नाही. त्याच्या पुढे चित्र मोठं होतं पण अंधूक आणि फुगलेलं, पाण्यातून बघितल्यासारखं. शिवाय जेवढी पट जास्त तेवढा दिसणारा आकाशाचा तुकडा लहान. पृथ्वी फिरते म्हणून आकाश चार मिनिटांत एक अंश सरकतं, आणि ६७५ पटीला तुम्हाला आकाशाचा जेमतेम सात शतांश अंश दिसतो, म्हणजे ग्रह वीस सेकंदांच्या आत या कडेने येऊन त्या कडेने बाहेर. स्टँड हलतो, ग्रह निघून जातो, ही तुमची तक्रार खरी आहे पण तिचं निम्मं कारण ४ चा आयपीस आणि तो बार्लो असणार असं मला वाटतं. ४ चा डबीत बंद करून ठेवा. आधी नेहमी २५ चा लावा, त्यात चंद्राच्या अडीच-तीन पट रुंद आकाश दिसतं, वस्तू शोधा, मधोमध आणा, तिथे थोडा वेळ बघा, आणि मगच १० चा. बार्लो वापरायचाच तर २५ बरोबर लावून बघा, १०८ पट होतात, काचा बऱ्या निघाल्या तर ग्रहांना तो चालून जातो.

शनीबद्दल मात्र तुमची चूक काहीच नाही, तुम्ही तो फार अडनिड्या वेळी बघितलात. शनीची कडी विस्ताराने प्रचंड आहे पण जाडीला अगदी पातळ, आणि शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात त्यात दोनदा ती कडी आपल्याला बरोबर कडेने दिसते, कागद डोळ्यांसमोर आडवा धरल्यासारखी. मार्च २०२५ मध्ये तसं झालं आणि त्या वर्षी नोव्हेंबरमध्येही ती पुन्हा जवळजवळ मिटल्यासारखीच होती. ठिपका आणि त्याला आडवी रेघ, तुम्ही जे बघितलंत ते अगदी बरोबर बघितलंत! गॅलिलिओने १६१० मध्ये शनी बघितला तेव्हा त्याला मधे एक आणि बाजूला दोन असे तीन गोळे वाटले, आणि १६१२ मध्ये ते बाजूचे दोन्ही गायब झाले तेव्हा तो चक्रावून गेला, कारण कडी तेव्हा अशीच कडेने आली होती. हे कडं आहे असं हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने १६५९ मध्ये छापून सांगितलं तोपर्यंत बाकी लोकही असेच गोंधळलेले होते. आता दरवर्षी ती थोडी थोडी उघडत जाणार आहे, २०३२ च्या सुमाराला सगळ्यात जास्त. म्हणजे हाच टेलिस्कोप ठेवलात तर पुढची पाच-सहा वर्षं तुम्हाला ती कडी उलगडताना बघता येईल, आणि मला विचाराल तर सुरुवात मिटलेल्या कडीपासून झाली हे भाग्यच, कारण कडी उघडी असतानाच पहिल्यांदा बघणाऱ्याला ती मिटते हे खरं वाटत नाही.

पत्रात आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही पण ती सगळ्या वाक्यांमागे जाणवते, ती म्हणजे फोटोत दिसतं तसं दिसायला हवं होतं. हे फोटो काढताना कॅमेरा तासन्‌तास प्रकाश साठवत बसतो, मग रंग वर काढले जातात. आपला डोळा तसा प्रकाश साठवत नाही आणि अंधूक उजेडात त्याला रंगही कळत नाहीत, म्हणून तेजोमेघ आणि दीर्घिका डोळ्याला राखाडीच दिसतात, मोठ्या टेलिस्कोपमधूनसुद्धा. देवयानी तर आकाशात सहा चंद्र ओळीत ठेवावेत एवढी लांब आहे, तुमच्या आयपीसमध्ये मावतच नाही, तुम्हाला दिसला तो तिचा मधला गाभा. पण तो पुसट डाग खरा होता, आणि त्याचा प्रकाश पंचवीस लाख वर्षं प्रवास करून तुमच्या डोळ्यात शिरला. फोटो बघताना हे होत नाही.

ग्रह लहान दिसतात ही पण गंमतच आहे. गुरू पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा ९० पटीला तो नुसत्या डोळ्यांनी चंद्र दिसतो त्याच्या दुप्पट रुंद दिसतो. हो, दुप्पट. आणि तरी सगळ्यांना तो वाटाण्याएवढा वाटतो, कारण भोवती काळंभोर रिकामं वर्तुळ असतं आणि तुलनेला काहीच नसतं. कधी गुरू आणि चंद्र एकाच रात्री वर असले तर एक डोळा आयपीसला लावून दुसऱ्याने चंद्र बघायचा प्रयत्न करा, जमायला अवघड आहे पण एकदा जमलं की परत कधी गुरू लहान वाटत नाही.

खिडकी बंद करा, म्हणजे खिडकीतून बघणं बंद करा. खिडकीची काच टेलिस्कोपसाठी बनवलेली नसते, तिच्यातून ताऱ्याचं चित्र फाटतं, आणि काच उघडली तरी खोलीतली गरम हवा आणि बाहेरची गार हवा तिथेच मिसळत असतात, त्यामुळे सगळं उकळल्यासारखं थरथरतं. गच्ची लांब असली तरी गच्चीच. टेलिस्कोप बघायच्या अर्धा तास आधी बाहेर नेऊन ठेवा, आरसा बाहेरच्या हवेइतका गार झाला की चित्र स्थिर होतं. आणि वस्तू आकाशात वर असताना बघा, क्षितिजाजवळ असताना मधे हवेचा थर जाड असतो, तापलेल्या छतांवरून येणारी हवा तर वाईटच. ज्या रात्री तारे खूप लुकलुकतात ती रात्र ग्रहांसाठी वाईट, ज्या रात्री शांत दिसतात ती चांगली, थोडंसं धुरकट असलं तरी. निम्म्या लोकांची पहिली निराशा खिडकीतली असते असं मी इतक्या पत्रांनंतर म्हणू शकतो.

स्टँडचं म्हणाल तर या सेटबरोबर येणारे स्टँड हलकेच असतात, ते खरंय. ट्रायपॉडचे पाय पूर्ण बाहेर काढू नका, आखूड ठेवा आणि खुर्चीवर बसून बघा. मधल्या ट्रेखाली पाण्याची भरलेली बाटली किंवा वाळूची पिशवी बांधा. बघताना हात लावू नका, आयपीसला नुसता डोळा न्या. आणि तुमचा माउंट, म्हणजे स्टँडवरचा नळी फिरवणारा भाग, इक्वेटोरियल असणार, तो तिरका दांडा आणि वजनवाला, तो पहिल्यांदा हाताळणाऱ्याला उलटा-सुलटाच वाटतो कारण नळी वर-खाली, डावी-उजवी न जाता भलतीकडेच वळते. त्याचा आकडा तुमच्या गावाच्या अक्षांशावर ठेवा, तिरका दांडा ध्रुवताऱ्याकडे करा, अंदाजे चालेल, मग ग्रह मधोमध आला की फक्त एकच नॉब हळूहळू फिरवत राहिलं तरी तो जागेवर राहतो. नळी आणि वजन तोलून घ्यायला विसरू नका, न तोललेला माउंट सगळ्यात जास्त हलतो. वरची छोटी फाइंडर दुर्बीण दिवसा जुळवा, लांबचा एखादा टॉवर किंवा पाण्याच्या टाकीचं टोक आधी मोठ्या टेलिस्कोपमध्ये मधोमध आणा आणि मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर. दहा मिनिटांचं काम आहे आणि ते केलं नाही तर रात्री दोन तास वाया जातात.

दिवसाचा विषय निघालाच आहे तर, सूर्याकडे टेलिस्कोप कधीही करायचा नाही, फाइंडरसुद्धा नाही, क्षणभरही नाही, डोळा कायमचा जातो. काही सेटमध्ये आयपीसला लावायची छोटी काळी काच येते, सूर्य बघायला म्हणून. ती आज फेकून द्या, उष्णतेने ती तडकते आणि तेव्हा डोळा तिथेच असतो. सूर्य बघायचा तर नळीच्या तोंडावर घट्ट बसणारा खास सूर्याचा फिल्टर लागतो आणि तो नसेल तर नाही बघायचा. घरात लहान मूल आहे म्हणून हे जास्त जोर देऊन सांगतोय, दिवसा टेलिस्कोप झाकून ठेवा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. तुम्ही धरून चाललाय की दिसणं हे टेलिस्कोपचं काम आहे, चांगला घेतला की दिसेल. मला वाटतं हे इथेच थोडं तपासून बघायला हवं. १३ मार्च १७८१ ला विल्यम हर्शेल नावाच्या माणसाने, पोटासाठी तो बाथ गावात ऑर्गन वाजवायचा आणि संगीत शिकवायचा, स्वतः घासलेल्या आरशाच्या दुर्बिणीतून आकाश तपासताना एक तारा बघितला जो इतरांसारखा टोकदार नव्हता, किंचित चकतीसारखा होता. आधी त्याला धूमकेतू वाटला, पण तो युरेनस होता. खरी गोष्ट याच्या आधीची आहे. फ्लॅमस्टीडने १६९० मध्ये युरेनस बघितलेला होता आणि तारा म्हणून यादीत टाकला होता. पुढे फ्रान्समध्ये लमोनियेने तो एकदा नाही, बऱ्याचदा बघितला, नोंदही केली आणि ओळखला नाही. हे दोघे नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ होते. हर्शेलचा आरसा साधारण १६० मिमीचा होता, धातूचा, आजच्या आरशाइतका प्रकाश तो परतवत नसे, म्हणजे तुमच्या ११४ पासून तो काही फार दूर नाही. फरक होता तो रोज रात्री बघून बघून तयार झालेल्या डोळ्यात, तारा कसा दिसायला हवा हे त्याच्या डोळ्याला इतकं पाठ होतं की नुसता जरासा वेगळा दिसला तरी तो थांबला. बघणं ही शिकायची कला आहे असं त्याने स्वतः लिहिलंय, वाद्य वाजवण्यासारखी, आणि हे एक वादक सांगतोय.

हे नुसतं ऐकायला छान म्हणून सांगत नाही, तुम्ही एका रात्रीत करून बघू शकता. गुरूला ९० पटीवर आणा आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं बघा. पहिल्या मिनिटात पांढरी चकती आणि शेजारी दोन-तीन-चार ठिपके दिसतील, ते चंद्र. बहुतेक जण इथे ‘बघितलं’ म्हणून उठतात. तुम्ही बसून राहा. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला चकती अगदी गोल नाही, जराशी चपटी आहे हे लक्षात येतं. मग एक करडा पट्टा, मग त्याच्या पलीकडे दुसरा. हवा सारखी हलत असते पण मधेच अर्धा सेकंद ती थांबते आणि त्या अर्ध्या सेकंदात पट्ट्याची कड एकदम रेखीव दिसते, मग परत पुसट. त्या क्षणांची वाट बघायला डोळा शिकतो. जे दिसलं ते वहीत काढा, चित्रकला येत नसली तरी, वाटीने एक गोल काढायचा आणि ठिपके टाकायचे. दोन तासांनी परत बघा, या चारांतला सगळ्यात आतला आयो नावाचा चंद्र सरकलेला असेल, तो पावणेदोन दिवसांत गुरूभोवती एक फेरी मारतो. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये हेच केलं, रात्रीमागून रात्री ठिपके काढले, तेही वीस पटीच्या आसपासच्या दुर्बिणीतून. तुमचा २५ चा आयपीससुद्धा त्याच्यापेक्षा जास्त दाखवतो.

चंद्र एकदा बघून संपला असंही तुम्ही धरून चाललाय बहुतेक. पहिली रात्र पौर्णिमेच्या जवळची होती का ते आठवून बघा. पौर्णिमेचा चंद्र सगळ्यात कंटाळवाणा, ऊन समोरून पडतं, सावल्या नसतात, सगळं सपाट. शुक्ल अष्टमीच्या आसपासचा चंद्र घ्या आणि उजेड-अंधाराची जी सीमा असते तिच्यावरून हळूहळू वर-खाली जा. तिथे सूर्य उगवत असतो. टॉलेमियस, अल्फॉन्सस, आर्झाकेल अशी तीन मोठी विवरं एकाखाली एक दिसतील, शेवटच्या दोघांच्या पोटात डोंगर आहेत. आणि सीमेच्या पलीकडे, पूर्ण अंधारात, एखादा एकटा चमकता ठिपका शोधा. तो पर्वताचा माथा आहे, त्याच्यावर ऊन पडलंय आणि पायथ्याशी अजून रात्र आहे. चंद्राच्या विषुववृत्तापाशी ही सीमा ताशी साधारण १५ किलोमीटर सरकते, म्हणून तासाभराने परत या, तो ठिपका मोठा झालेला असतो, शेजारी आणखी एक पेटलेला असतो, आणि हळूहळू ती डोंगराची रांग होते. मी हे शेकडो वेळा बघितलंय आणि अजून उठवत नाही.

शहरातल्या उजेडाचा चंद्राला, ग्रहांना आणि जोडताऱ्यांना काही फरक पडत नाही. सप्तर्षीतला वसिष्ठ आणि त्याच्या शेजारची अरुंधती तुम्ही लहानपणापासून ऐकलेत. नुसत्या डोळ्यांनी ते दोन दिसतात. ९० पटीला बघा, वसिष्ठ स्वतःच दोन होतो, अगदी चिकटून बसलेले दोन तारे आणि अरुंधती लांब वेगळी. हंस तारकासमूहात चोचीच्या टोकाचा अल्बिरिओ बघा, एक सोनेरी, एक निळसर, इथे रंग खरंच दिसतात. कृत्तिका २५ च्या आयपीसनेच, जास्त पट केली तर पुंज विस्कटतो. मृग नक्षत्रात बाणाच्या तीन ताऱ्यांखालचा तेजोमेघ शहरातूनही दिसतो, पण त्याच्यासाठी डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि मधे एकदा मोबाइल बघितला की ती वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. नकाशा बघायला टॉर्चवर लाल कागद लावा. आणि त्याच्याकडे सरळ न बघता जरा बाजूला बघा, डोळ्याचा मधला भाग अंधारात कमजोर असतो, तिरक्या नजरेला अंधूक गोष्टी जास्त दिसतात. आधी धूर, मग त्याला पंख, मग आत चार बारीक तारे. नवे तारे जन्मतात ती जागा आहे ती, साधारण १,३०० प्रकाशवर्षं लांब. कुठे काय आहे हे शोधायला स्टेलॅरियम नावाचा आकाशाच्या नकाशाचा प्रोग्राम घ्या, फुकट आहे, पण ते घरात बघून दोनच वस्तू ठरवून वर जा.

मग विकायचा का? आठ इंची डॉब्सोनियन हा खरोखर चांगला टेलिस्कोप आहे, मी खोटं सांगणार नाही. २०० मिमी म्हणजे तुमच्यापेक्षा तिप्पट प्रकाश, आणि त्याचा माउंट साधा लाकडी फिरता डबा, जॉन डॉब्सन नावाच्या माणसाने रस्त्यावरच्या लोकांना आकाश दाखवायला तो लोकप्रिय केला, हलत नाही, उलटा-सुलटा वळत नाही. पण तो वीस किलोच्या पुढे जातो, आणि तुम्हाला आत्ताच गच्ची लांब वाटते. जो टेलिस्कोप वर जातच नाही तो कितीही मोठा असला तरी लहानच. कॉम्प्युटरवाला स्वतः वळून वस्तू शोधतो, पण त्यात पैसे आरशाऐवजी मोटारीत जातात, शिवाय सुरुवातीला त्याला दोन तारे दाखवून आकाश समजावून द्यावं लागतं, ते तारे आपल्याला आधी ओळखता यायला हवेत. तारे ओळखू यायला लागले की त्याचा उपयोग होतो, आधी नाही. सोडून द्यायचं म्हणाल तर त्यालाही माझी हरकत नाही, कुठलाही छंद कर्तव्य म्हणून करू नये, फक्त खिडकीतून, ४ च्या आयपीसने, कडी मिटलेली असताना जे बघितलं त्याच्यावर निर्णय घेऊ नका.

मी तुमच्या जागी असतो तर तीन महिने काहीच विकत घेतलं नसतं. महिन्यातल्या चार-पाच संध्याकाळी गच्ची, त्यातल्या दोन अष्टमीच्या आसपास चंद्रासाठी आणि दोन चंद्र नसताना. त्यानंतर खर्च करावासा वाटला तर आधी १० मिमीच्या जागी एक बरा प्लॉसल प्रकारचा आयपीस, सेटमधला बहुतेक वेळा साधाच असतो, आणि एक १०×५० बायनॉक्युलर, ज्याला स्टँड लागत नाही. तीन महिन्यांनंतरही ‘मला हा तारकापुंज फोडून बघायचाय आणि ११४ ला जमत नाही’ असं नेमकं काहीतरी म्हणावंसं वाटलं तर आठ इंची घ्या, आणि तो तिथे वर ठेवायला जागा आहे का ते आधी बघा. बाकीचे जे वाचक पहिला टेलिस्कोप घ्यायच्या विचारात आहेत त्यांनाही हेच, आधी बायनॉक्युलर, बॉक्सवरची पट वाचायची नाही, आरसा किती मिलीमीटर आणि स्टँड किती भक्कम एवढंच विचारायचं. आणि आरशाच्या साध्या टेलिस्कोपची नळी त्याच्या फोकल लेन्थच्या निम्मीच भरत असेल, १००० मिमी लिहिलंय आणि नळी अर्धा मीटर, तर त्याच्या आत जास्तीची भिंग घालून लांबी वाढवलेली असते आणि चित्र बहुधा मऊ येतं, त्याच्या नादी लागू नका.

मिस्टरांचं सोडा, त्यांना पटवायला जाऊ नका. एखाद्या संध्याकाळी टेलिस्कोप चंद्रावर लावलेला असताना चहाला वर बोलवा, बस.

राहिली मुलगी. तिला बोलावून रांगेत उभं करून ‘बघ, दिसलं का, आता मला बघू दे’ असं झालं असणार, आपण सगळेच तसं करतो, आणि नऊ वर्षांच्या मुलाला दहा सेकंदात काहीच दिसत नाही पण ‘हो, दिसलं’ म्हणावं लागतं. तिच्या उंचीचं स्टूल ठेवा, आयपीस तिच्या डोळ्याच्या रेषेत येईल असा नळीचा कोन करा, आणि पहिली वस्तू तुम्ही लावून देऊ नका. तिला सांगा की आईला एक गोल दिसला होता, मधे काळं भोक असलेला, आणि तो काय होता ते शोधायचंय. एक तेजस्वी तारा मधोमध आणा, फोकस मुद्दाम बिघडवा, मग नॉब तिच्या हातात द्या आणि दोन्ही बाजूंना हवा तेवढा फिरवू द्या, तुम्ही काही बोलू नका. भोक कुणाचं आहे ते कळायला तिला नळीच्या तोंडासमोर हात धरून बघावंसं वाटेल, धरू द्या, त्या गोलात तिच्या बोटांची सावलीसुद्धा दिसते.